न खोडलेली तीन नावं

लातूर,
सोमवार, १६ डिसेंबर २०२४

चि. श्रीशैल यास,
नीलाआत्याचे आशीर्वाद.

मी बरी आहे. थंडी वाढली आहे आणि माझा डावा गुडघा हवामान खात्याच्या आधी बातमी देतो. तुझे वडील मागच्या आठवड्यात उदगीरहून येऊन गेले. बसलिंगप्पादादा काठी घेत नाहीत, भिंत धरून चालतात आणि विचारलं की म्हणतात, "भिंत आपलीच हाय." डॉक्टर मुलाचं ऐकत नाहीत म्हणून तू माझ्याकडे तक्रार केली होतीस. ते तुझं ऐकत नाहीत, तू माझं ऐकत नाहीस. घराण्याचा गुण आहे, चालायचंच.

कुशल संपलं. आता कामाचं लिहिते.

शनिवार, ७ डिसेंबर २०२४, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. जागा नांदेड, तुझ्या संस्थेच्या कार्यशाळेचा हॉल. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टरनी शिकवलं होतं की तक्रार लिहायची तर आधी तारीख आणि वेळ लिहावी, म्हणजे समोरच्याला "कधी, कुठे" असं विचारत पळता येत नाही. म्हणून लिहिली.

त्या वेळी तू पडद्यावर एक पान दाखवलंस. माझ्या फुलस्केप वहीचं पान, माझं अक्षर. वर कोपऱ्यात तू क्रमांक टाकला होतास, ११७. बाईच्या नावावर काळी पट्टी, नवऱ्याच्या नावावर पट्टी, गावावर पट्टी. तालुका औसा, तो उघडा. खाली तक्त्यात लिहिलेलं: त्र्याण्णवच्या भूकंपात तीन अपत्यं मृत, नसबंदी आधी झालेली, जानेवारी १९९५ मध्ये नळ्या पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया, फेब्रुवारी १९९६ मध्ये मुलगी. आणि मधोमध, तू मुद्दाम मोठं केलेलं, त्या बाईचं बोलणं:

"माझी वर्षाराणी गेली, रामलिंग गेला, हरिओम गेला. आता दुसरी आणून वर्षाराणीच्या जागेवर बसवू नका. मला लेकरू नको. झालं तरी मी अंगावर पाजणार न्हाई."

ते वाचताना तुझा आवाज जरा भरून आला, ते मी पाहिलं. नाटक नव्हतं ते, हेही मला कळतं. तू लहानपणीही कबुतर मेलं की जेवायचा नाहीस.

तिसऱ्या रांगेत नर्सिंगच्या शिक्षिका बसल्या होत्या. त्यांच्यातली एक, आरती नावाची, तिनंच मला हे नंतर सांगितलं, शेजारणीला कोपर मारून म्हणाली, "अगं, तुझंच नाव की! अन् तुझ्याच औशाकडची. लांबची मावशी तर न्हाई ना तुझी?" आणि हसली. वाईट मुलगी नव्हती ती. असंच हसली.

शेजारीण हसली नाही. तिला लांबची मावशी शोधायची गरज पडली नाही. फेब्रुवारी १९९६ हा तिचा जन्ममहिना. मोठ्या बहिणीचं नाव तिला ठेवलं होतं, हे तिच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. भूकंपानंतर आमच्याकडे घरोघर असंच झालं. गेलेल्या लेकराचं नाव नव्या लेकराला. मी स्वतः अशा किती बारशांना जाऊन पेढे खाल्ले. तू उदगीरला वाढलास, पुण्याला शिकलास, तरी हे तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस.

वर्षाराणी उठून बाहेर गेली. मी मागे गेले. पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"अक्षर तुमचं आहे ना, बाई?"

मी हो म्हणाले.

"मग खरं असणार," ती म्हणाली आणि गेटकडे चालायला लागली. कार्यशाळेची पिशवी, त्यातलं पेन, बिल्ला, सगळं टाकीवर ठेवून गेली.

ते मी दुपारी तुला सांगितलं तेव्हा तू काय म्हणालास, तेही लिहून ठेवते. "आत्या, मृत व्यक्तींना नाव लपवायचा नियम लागूच होत नाही." मग म्हणालास, "दोनशे बारा बायकांत एक ओळखू आली. अर्धा टक्कासुद्धा नाही." आणि जाताना, पाठीवर हात ठेवून, "तू इतकं मनाला लावून घेऊ नकोस."

तुझा अर्धा टक्का मी गेल्या बुधवारी पाहून आले. वर्षाराणीची आई औशात, घरापुढे पोतं अंथरून, तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

तिचं नाव मी या पत्रातही लिहिणार नाही. तेवढं एक तरी आता पाळते.

तुझ्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीचं पत्र मी चष्मा पुसून तीनदा वाचलं. "सदर रुग्णांचा आता माग लागणे शक्य नसल्याने संमतीची अट शिथिल करण्यात येत आहे." शक्य नसल्याने! श्रीशैल, लातूरच्या स्टँडवरून औशाला जायला गाडीसाठी चहा संपेपर्यंतही थांबावं लागत नाही. अर्धं तिकीट आहे मला. माग लावायला कोणी निघालंच नाही, असं लिहायला हवं होतं. त्या समितीत नऊ माणसं आहेत. एकालाही औसा कुठे आहे हे माहीत नव्हतं काय?

मी तुझ्या कामाच्या विरोधात नाही. ते तुला माहीत आहे. या बायकांचं बोलणं वाचूनच उद्या कुठे जमीन हादरली तर तिथल्या बाईला कुणी आधी विचारेल, "तुला हवंय का?" त्या वर्षी ऑपरेशनची यादी आधी झाली आणि बायकांना नंतर बसमध्ये बसवून आणलं. तुझा निष्कर्ष खरा आहे. बायकांना विचारलं गेलं नाही, असं तू पडद्यावर लाल अक्षरांत लिहिलंस.

मग तू विचारलंस का?

हे वाक्य लिहून मी उठले, चहा केला, प्यायला नाही. परत बसले आहे. कारण पुढचं लिहायचं म्हणजे तुझ्याकडे रोखलेलं बोट जरा वळवावं लागतं.

मी समुपदेशक होते ते हॉस्पिटल बंद झालं तेव्हा जुने कागद रद्दीत निघाले होते. माझ्या सात वह्या मी ट्रंकेत घालून घरी आणल्या. त्या हॉस्पिटलच्या नव्हत्याच. केसपेपर वेगळा, तो सगळे बघत. वही माझी. बायका बोलायच्या ती माझी लहान खोली होती, रक्त तपासायच्या खोलीशेजारी, एक खिडकी. प्रत्येकीला मी सांगायची, "बोल बाई. इथलं बोलणं या खोलीबाहेर जाणार नाही." ती बाई अडीच तास गप्प बसली होती. बाहेर नवरा आणि सासू. नवऱ्यानं सांगून ठेवलं होतं, ऑपरेशन नाही तर दुसरी बायको. मी दाराला आतून कडी घातली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, मग ती बोलली. मी शब्द न् शब्द लिहिला. सिस्टरनी तसंही शिकवलं होतं. दुसऱ्याचं बोलणं अवतरणात लिहावं, आपलं घालू नये.

इतकी वर्षं त्या ट्रंकेला कुलूप होतं. तू मागच्या चैत्रात आलास, "आत्या, हे सोनं आहे" म्हणालास, आणि मी किल्ली काढून दिली. कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. निवृत्तीनंतर बारा वर्षांत माझ्या कामाला सोनं म्हणणारा तू पहिला माणूस होतास.

नावं खोडायचं काम मी मागून घेतलं. "तुझी ती पोरं माझं अक्षर काय वाचणार," असं म्हणून. तू नियमांचा कागद दिलास. रुग्णाचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, पत्ता, हयात नातेवाइकांची नावं. एकोणीस दुपारी मी जाड काळं पेन घेऊन बसले. सात वह्या. एकही बाई सुटू दिली नाही मी. माझ्या वहीत शाईचा डाग कधी पडला नाही आणि आता पानामागून पान काळं करत होते.

एकशे सतराव्या पानावर मी थांबले.

तुझा नियम गेलेल्यांची नावं खोडा म्हणत नव्हता, हे खरं. तीच सबब मी आठ दिवस स्वतःला सांगते आहे. पण त्या मुलीचं बारसं मला आठवलं होतं, श्रीशैल. पेन हातात असताना आठवलं होतं. हिरव्या खणाचं कुंची-अंगडं मीच नेलं होतं. आत्याबाईनं कानात नाव सांगितलं तेव्हा आईनं मान फिरवली, तेही मी पाहिलं होतं. वर्षाराणी हे नाव उघडं राहिलं तर जिवंत वर्षाराणीही उघडी पडेल, एवढा हिशेब माझ्यासारख्या बाईला न कळण्यासारखा नव्हता.

पण हात फिरला नाही.

त्या तीन लेकरांचे फोटो नाहीत. जन्माचे दाखले नाहीत. ग्रामपंचायतीचं दप्तर त्याच मातीत गेलं. मोठी सात वर्षांची होती, तिच्या शाळेचा पट शाळेबरोबर गेला. नुकसानभरपाईच्या यादीत "अपत्ये: तीन" एवढंच. ती तिघं या जगात होती हे नावानिशी लिहिलेला कागद माझ्या माहितीत एकच, ती माझी वही. त्यावर मीच काळं फासायचं? पाच मिनिटं पेन धरून बसले. मग टोपण लावलं आणि पान उलटलं. दुपार संपत आली होती, पुढच्या पानावर नळेगावकडची एक बाई होती, तिचं नाव खोडलं.

आणखी एक. अकरा वाजून वीस मिनिटांनी तू मला व्यासपीठावर बोलावून शाल दिलीस, नारळ दिलास. "ही माझी आत्या, हिच्या वह्यांशिवाय हे काम झालंच नसतं." मी खाली येऊन पहिल्या रांगेत बसले. वीस मिनिटांनी ते पान पडद्यावर आलं, आणि ओळखीचं अक्षर एवढं मोठं बघून मी आधी टाळी वाजवली. पूर्ण वाचायच्या आधी. शेजारी बसलेल्या गृहस्थांना सांगितलंसुद्धा, "माझं अक्षर." तिसऱ्या रांगेत ती उठून उभी राहत होती तेव्हा मी अक्षराचं कौतुक करून घेत होते.

झालं लिहून.

आता बुधवारचं सांगते. मी गेले तेव्हा तिनं मला बघितलं आणि सोललेले दाणे पदरातून ताटलीत ओतले. "या बाई," म्हणाली. बसायला पाट दिला. पोरीनं फोनवर तिला एवढंच विचारलं होतं, "मी तुला नको होते, हे खरं का?" आईला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, "तवा नको व्हतीस." पुढचं बोलायच्या आत फोन बंद. त्यानंतर पोरगी फोन उचलत नाही. येळवशीला, वेळा अमावस्येच्या शेतातल्या जेवणाला, येणार नाही असा निरोप जावयाकडून आला.

"तिला 'तवा' ऐकूच गेलं न्हाई," ती म्हणाली.

मी हात जोडले. माफी मागायला गेले होते आणि थंडीचं बोलले. इतकी वर्षं लोकांना बोलतं करण्याचा पगार घेतला मी.

ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "बाई, म्या तुमाला एकटीला सांगितलं व्हतं. सासूला ठावं न्हवतं. मालकाला ठावं न्हवतं, ते तसंच मेले. देवाला बी म्या बोलले न्हाई."

ओरडली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं घरी आले असते.

तिनं चहा दिला. साखर दीड चमचा, माझी लक्षात आहे तिच्या. निघताना मी दारात रेंगाळले. तुला माहीत आहे, येळवशीला लातूर रिकामं होतं, ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी आपल्या शेतात जेवायला बोलावतं. गेली अठ्ठावीस वर्षं मला ती बोलावते. भज्जी, आंबील, कडब्याच्या खोपीत बसून जेवण. वर्षाराणी लहान होती तेव्हा माझ्या मांडीवर बसून माझ्याच ताटातलं खायची. महिनाभर आधी निरोप येतो. त्या दिवशी तिनं मला कोपऱ्यापर्यंत सोडलं, "सांभाळून जा," म्हणाली. येळवशीचा शब्द काढला नाही.

वर्षाराणीला मी चार वेळा फोन केला. पाचव्यांदा तिनं उचलला. मी सांगितलं, "अगं, ते ऑपरेशनच्या आधीचं बोलणं आहे. तुला तिनं तीन वर्षं अंगावर पाजलं. साऱ्या गल्लीनं पाहिलंय. सासू ओरडायची, पोरगी शाळेत जायला आली, आता तरी सोडव म्हणून."

ती म्हणाली, "बाई, तुमच्या वहीत आहे का ते?"

नव्हतं. बाळंतपणानंतरच्या रकान्यात मी लिहिलं होतं: बाळ स्वस्थ. वजन चार किलो दोनशे. माता समाधानी. बस.

"मी पोरींना काय शिकवते माहीत आहे ना," ती म्हणाली. "जे लिहिलं नाही ते केलं नाही. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला शिकवते." मागे तिचा मुलगा, दोन वर्षांचा आहे, पाणी मागत होता. "ठेवते," म्हणाली.

श्रीशैल, मी तिला खोटं ठरवू शकत नाही. मी आणि तू, आपण दोघांनी लिहिलेलंच तेवढं खरं धरायची सवय लोकांना लावली आहे. आणि आपण काय लिहिलं? तिच्या आईच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट अडीच तासांचा तुकडा, अवतरणासकट.

आता मला काय हवं ते.

ते पान तुझ्या संस्थेच्या संकेतस्थळावरून आणि तू ज्या ज्या ग्रुपवर पाठवलंस तिथून काढ. सगळीकडून निघणार नाही हे मलाही कळतं. किती ठिकाणी राहिलं ते खरं सांग. वह्या मला परत हव्यात, सातही, स्वतः आणून दे. बाकीच्या दोनशे अकरा बायकांकडे जायचं आहे. तू गाडी घेऊन ये, मी रस्ता दाखवते. काही औशात आहेत, काही लोहाऱ्याकडे, काही देवाघरी. हयात असेल तिला विचारायचं. नाही म्हणाली तर तिचं पान तुझ्या कामातून जाईल, मग तुझा तक्ता कितीही फाटका दिसो.

तुझ्या निबंधात एक ओळ वाढव: ओळख लपवण्याचं काम नीलाबाई यांनी केलं आणि एकशे सतराव्या नोंदीत त्यांनी जाणूनबुजून चूक केली. माझं नाव पूर्ण लिही. माझ्या नावावर पट्टी नको.

आणि वर्षाराणीला पत्र लिही. समितीच्या भाषेत नको. तिला न विचारता काय घेतलं ते लिही, आणि घेतलेल्यात काय नव्हतं तेही लिही. एका दिवसाचं बोलणं आहे, बाकीच्या दहा हजार दिवसांची नोंद कुणी ठेवली नाही, हे संशोधकाच्या सहीनं तिला कळू दे. लिहिलेलंच ती मानते ना, मग लिहिलेलं जाऊ दे.

एक गोष्ट मी या पत्रासोबत जोडणार होते. ती मुलगी पाच महिन्यांची असताना तिची आई डोस द्यायला घेऊन आली होती. त्या दिवशी माझ्या खोलीत, दार लोटून, ती एक वाक्य बोलली. रकान्यात त्याला जागा नव्हती, म्हणून मी लिहिलं नाही. पण मला शब्द न् शब्द पाठ आहे. काल रात्री ते मी वेगळ्या कागदावर तारीख घालून लिहिलं. वर्षाराणीनं वाचलं असतं तर त्याच दिवशी बस धरून औशाला गेली असती, अशी माझी खात्री आहे. पाकिटात घातलं. सकाळी पाकीट उघडून कागद काढला आणि फाडला.

कारण तेही तिनं मला एकटीला सांगितलं होतं.

उद्या मी औशाला जाणार आहे. बोलावलेलं नाही, तरी. तिला विचारणार, सांगू का लेकीला? ती हो म्हणाली तर सांगेन, नाही म्हणाली तर माझ्याबरोबर जाईल ते. तिनं स्वतः सांगितलं तर सगळ्यात बरं. पण त्यासाठी पोरगी समोर बसायला हवी आणि पोरीला समोर बसवायला तुझं पत्र हवं. येळवस सोमवारी तीस तारखेला आहे.

म्हणून: शनिवार, २८ डिसेंबर २०२४, संध्याकाळी पाचच्या आत. लेखी, सहीनिशी. एक प्रत वर्षाराणीच्या हातात, एक माझ्या. फोन करू नकोस. फोनवर तू "आत्या" म्हणतोस आणि मी विरघळते, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे.

जेवणाची आबाळ करू नकोस.

ओळख लपवण्याचं काम जिनं मागून घेतलं होतं, ती
तुझी आत्या,
नीलाबाई